बँकॉकच्या थाई रेस्टॉरंटमध्ये चढ्या बिलाचं मोल कसं जोखायचं

बँकॉकला पहिल्यांदा गेले तेव्हा मावशी बरोबर होती. चार दिवस आम्ही रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि मॉलच्या फूडकोर्टात साठ-सत्तर बाटमध्ये पोटभर जेवलो. शेवटच्या रात्री ठरवलं की आज जरा छान ठिकाणी बसून जेवायचं. मंद दिवे, सागवानी टेबलं, कमळाच्या पाकळ्या तरंगणारं पाणी, सगळं होतं. मेनू बघून आम्ही तीन करी मागवल्या, कारण नावं तेवढीच ओळखीची होती. तिन्ही नारळाच्या दुधातल्या, तिन्ही गोडसर. दोघींना मिळून भात कमी पडला आणि करी उरली. मावशीनं बिल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, मेनूवर तर एवढे आकडे नव्हते."

तिचं बरोबर होतं. आकडे वेगळेच होते, आणि त्याबद्दल पुढे सांगतेच. पण त्या रात्री फसवणूक अशी कुणी केली नव्हती. मागवायचं कसं, चाखताना बघायचं काय आणि पैसे कशाचे मोजायचे हे आम्हालाच माहीत नव्हतं. नंतरच्या फेऱ्यांमध्ये शिकत गेले ते इथे क्रमानं लिहिते आहे. थायलंडला जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांनी एक तरी जेवण नीट निवडून, नीट समजून जेवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी हे "आधुनिक थाई" म्हणजे काय ते

थाई भाषेत रेस्टॉरंटला "रान आहान" म्हणतात. रान म्हणजे दुकान आणि आहान म्हणजे आपला आहार. चवीला "रोत" म्हणतात, तो आपला रस. शब्द असे ओळखीचे निघाले की परकेपणा जरा कमी होतो.

थाई जेवण मोठ्या खर्चाच्या टेबलावर आणण्यात डेव्हिड थॉम्पसन या ऑस्ट्रेलियन शेफचा वाटा मोठा. त्यानं २००१ मध्ये लंडनला "नाम" सुरू केलं आणि २०१० मध्ये त्याच नावाचं रेस्टॉरंट बँकॉकला काढलं. लंडनच्या त्याच स्वयंपाकघरात काम केलेल्या दुआंगपोर्न सोंगविसावा आणि डिलन जोन्स या जोडप्यानं २००९ मध्ये बँकॉकला "बोलान" काढलं. नावात दोघांची नावं गुंफलेली आहेत, आणि थाईत "बोरान" म्हणजे जुनं, पुराण. २०१३ मध्ये थितिद तस्सनाकाजोन या शेफनं "ल दू" सुरू केलं. ऐकायला फ्रेंच वाटतं, पण शब्द थाई "रदू", म्हणजे ऋतू. २०२३ मध्ये आशियातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत ते पहिलं आलं. "सोर्न" हे दक्षिण थायलंडच्या जेवणाचं रेस्टॉरंट २०१८ मध्ये उघडलं आणि २०२४ च्या अखेरीस त्याला मिशेलिन या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. थाई जेवणाला तीन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ.

एवढी नावं सांगितली कारण यांच्या पाठोपाठ बँकॉकमध्ये शेकडो ठिकाणं "आधुनिक थाई" म्हणवून घेऊ लागली. त्यांचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जुनी पाककृती तशीच ठेवून सामान आणि मेहनत यांवर खर्च केलेला असतो. दुसऱ्यात पाककृती सौम्य केलेली असते आणि खर्च ताटाच्या मांडणीवर आणि खोलीवर झालेला असतो. बिल दोन्हीकडे सारखंच येऊ शकतं. फरक ओळखायचा तो मेनूवरून, नाकानं आणि जिभेनं.

टेबल राखून ठेवण्याआधी मेनू वाचा

बहुतेक ठिकाणी मेनू आधीच मोबाइलवर बघता येतो. दहा मिनिटं काढून तो वाचा.

पहिली गोष्ट, पदार्थ कुठल्या प्रांताचे ते लिहिलंय का. थायलंडचं जेवण एक नाही. ईशान्येकडचा इसान भाग चिकट भात, सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) आणि लाब (खिम्याची आंबट-तिखट कोशिंबीर) यांचा, तिथे नारळ जवळजवळ नसतोच. उत्तरेला चिआंगमायकडे मसालेदार सॉसेज आणि खाव सोय, म्हणजे करीतल्या नूडल्स. दक्षिणेला हळद, आंबट रस्से आणि डोळ्यांतून पाणी काढणारा तिखटपणा. मध्य थायलंडात नारळाच्या दुधातल्या करी आणि राजवाड्याकडून आलेले नाजूक पदार्थ. ज्या मेनूत हे भाग वेगळे ओळखू येतात, तिथे स्वयंपाकघरात कुणीतरी विचार करतंय असं समजायला हरकत नाही. एकाच पानावर पाड थाई (परतलेल्या नूडल्स), सुशी, पास्ता आणि बटर चिकन दिसलं तर मी पुढे जाते.

दुसरी गोष्ट, "नाम फ्रिक" आहे का बघा. ही खलात कुटलेली तिखट चटणी. सोबत कच्च्या-उकडलेल्या भाज्या आणि तळलेला मासा येतो. थाई घरात ही रोजची, पण परदेशी पाहुणे ती सहसा मागवत नाहीत. तरीही जे रेस्टॉरंट ती मेनूत ठेवतं, ते थाई गिऱ्हाइकासाठीही शिजवतं. माझ्यापुरती ही सगळ्यात भरवशाची खूण आहे.

तिसरी गोष्ट किमतीशेजारची. समजा किंमत ४२० असेल, तर बऱ्याचदा त्या आकड्यापुढे दोन छोटी अधिकची चिन्हं (++) दिसतील. पहिलं चिन्ह १० टक्के सेवा शुल्काचं, दुसरं ७ टक्के व्हॅटचं. व्हॅट हा सेवा शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो, म्हणून बेरीज सतरा टक्क्यांच्या थोडी वर जाते. १००० बाटचे ११७७ होतात. मावशीला न दिसलेले आकडे हेच. मेनूवर "नेट" लिहिलं असेल तर तीच शेवटची किंमत. डोक्यात हिशेब सोपा ठेवायचा असेल तर प्रत्येक किमतीत सहावा हिस्सा मिळवून वाचा आणि वर थोडं धरा.

मागवताना: एक "सामरप" मांडा

आम्ही त्या पहिल्या रात्री चुकलो ते इथे. आपण भाजी, आमटी, कोशिंबीर, चटणी, पापड असं ताट वाढतो. चार वाट्या आमटी कुणी घेत नाही. थाई जेवणही असंच मांडतात, त्याला सामरप म्हणतात. भात मध्ये आणि भोवती एकमेकांना तोलणारे पदार्थ, सगळ्यांनी मिळून खायचे. नारळाची मऊ करी असेल तर तिच्या जोडीला आंबट-तिखट "याम", म्हणजे कोशिंबिरीच्या जातीचा पदार्थ. कोरडं काही तळलेलं किंवा भाजलेलं असेल तर पातळ सूप. आणि एखादी साधी परतलेली पालेभाजी, जिच्यामुळे जीभ जागेवर येते.

दोघं असाल तर चार पदार्थ पुरतात: एक रस्सा किंवा सूप, एक याम किंवा नाम फ्रिक, एक मासा किंवा मांसाचा कोरडा पदार्थ, एक भाजी. चौघं असाल तर सहा, फार तर सात. नारळाच्या दुधाचा पदार्थ एका टेबलावर एकच ठेवा, हे तर मी आता नियमासारखं पाळते. मागवताना वेटरला विचारा, "यातले दोन पदार्थ एकाच चवीचे होतायत का?" चांगल्या ठिकाणी तो थांबून विचार करतो आणि एखादा पदार्थ बदलायला सुचवतो. एकदा एका बाईंनी आमची आंबट रश्श्याची ऑर्डर चक्क काढून टाकली, कारण आम्ही आधीच आंबट याम सांगितलं होतं. दोनशे नव्वद बाट त्यांनी स्वतःहून सोडले. त्या ठिकाणी मी पुन्हा दोनदा गेले.

खायला उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा. काटा भात चमच्यावर ढकलायला. चॉपस्टिक फक्त नूडल्ससाठी, त्यामुळे भाताच्या ताटाशेजारी चॉपस्टिक मांडलेल्या दिसल्या तर तो थाटमाट पाहुण्यांसाठी आहे. चिकट भात मात्र हातानं, छोटा गोळा करून. सगळे पदार्थ एकदम ताटात घेऊ नका. एका पदार्थाचे एक-दोन चमचे भातावर घ्या, संपवा, मग दुसरा.

ताट समोर आल्यावर

सगळ्यात आधी भात. होम माली तांदळाचा भात झाकण काढताच वास देतो. आपल्या आंबेमोहोराची आठवण यावी असा, फक्त जरा वेगळा. शीत मोकळं पण मऊ असावं. भात कोमट, गोळा झालेला, बिनवासाचा आला तर पुढच्या सगळ्या पदार्थांबद्दल माझी अपेक्षा खाली येते. ज्यांच्याकडे दिवसभर शिजणारी एकमेव गोष्ट भात, त्यांनी तीच हलक्यात घेतली तर बाकीचं काय? भात पुन्हा मागितला तर त्याचे पैसे लागतात का तेही आधी विचारून घ्या.

मग करी. हिरव्या करीचा वाडगा समोर घ्या आणि चमचा बुडवण्याआधी पृष्ठभाग बघा. आपल्याकडे सोलकढी असो की माशाची आमटी, नारळाचं दूध फुटू नये म्हणून आपण जिवाचा आटापिटा करतो. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, हे आजीनं शिकवलेलं असतं. थाई करीत नेमकं उलट आहे. जाड दूध आधी कढईत आटवत नेतात, ते फुटून तेल सुटतं, आणि त्या तेलात वाटण परततात. त्यामुळे नीट केलेल्या हिरव्या किंवा लाल करीवर बारीक थेंबांचा तवंग असतो, हिरवी करी असेल तर हिरवट. वाडगा तिरका केला की ते थेंब सरकतात. पृष्ठभाग सपाट, दुधी, खिरीसारखा एकजीव दिसला तर बहुधा डब्यातलं दूध आणि डब्यातलं वाटण एकत्र करून गरम केलेलं असतं. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात, त्यामुळे ते सहजी तेल सोडत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. तोम खा या नारळाच्या सूपमध्ये दूध फुटलेलं नको, ते गुळगुळीतच हवं. आणि जंगलातली म्हणून ओळखली जाणारी काएंग पा ही करी बिननारळाचीच असते.

रंगही बघा. ताज्या हिरव्या मिरच्यांच्या वाटणाचा रंग मंद, किंचित ऑलिव्हकडे झुकणारा असतो. चकचकीत पोपटी रंग दिसला तर शंका घ्या. करीत वाटाण्याएवढी बारीक कडसर वांगी असतील तर खा, टाकू नका. गोडसर रश्श्याला तोच कडवटपणा तोलतो. अनेक ठिकाणी पाहुण्यांना आवडत नाहीत म्हणून ती काढून टाकतात आणि त्यांच्या जागी ढोबळी मिरची घालतात. ढोबळी मिरची स्वस्त पडते आणि रंगीत दिसते, पण करीची घडी बिघडते.

आता वाटण. मिरची (लाल करीला सुकी, हिरवीला ताजी) आणि मीठ, मग गलांगल (आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं कुलिंजन याच जातीतलं), गवती चहाचा पांढरा बुडखा, मकरूत या खडबडीत सालीच्या लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, लसूण, छोटे कांदे आणि शेवटी "कापि", म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण. कठीण जिन्नस आधी, ओले नंतर, दगडी खलात. अर्धा तास सहज जातो. आपण पाट्यावरचं वाटण आणि मिक्सरचं वाटण जिभेवर ओळखतो ना, तोच फरक इथे. कुटलेल्या वाटणाच्या करीत एकेक वास वेगळा येतो: आधी लिंबाची साल, मग गवती चहा, घोट गेल्यावर मिरची. विकतच्या वाटणात सगळं एकसुरी, खारट आणि मागे गोड. कोथिंबिरीची जुडी घेऊन मुळं कचऱ्यात टाकणारी मी, तिथून आल्यापासून ती धुऊन फ्रीजरमध्ये ठेवते.

कापिबद्दल मराठी माणसाला फार समजवावं लागत नाही. सुका जवळा ज्या घरात भाजला जातो, तिथे हा वास परका नाही. कच्ची कापि नाकाला झोंबते. भाजून घातली की ती मागे राहते आणि चवीला खोली देते. करीत तिचा वास पुढे येऊन उभा राहत असेल तर भाजण्यात घाई झाली.

पानांकडे लक्ष द्या. थाई स्वयंपाकात तुळशीच्या जातीची तीन पानं येतात. "खाप्राव" ही तर आपलीच तुळस, बारीक दातेरी, किंचित लवदार, लवंगेसारखा झोत असलेली. "होराफा" चकचकीत, जांभळ्या दांड्याची, बडीशेपेसारखी. "माएंगलाक" लिंबाच्या वासाची. पाड खाप्राव या पानं घालून परतलेल्या मांसाच्या पदार्थात खाप्रावच हवी. नावातच ती आहे. होराफा घालून भागवलं असेल तर पदार्थ खायला वाईट लागत नाही, पण तो वेगळा पदार्थ झाला, आणि तीनशे बाट घेताना पान बदलणं मला पटत नाही. (मावशीला तुळस मांसाबरोबर खाणं जमलं नाही. तिनं ती टोफूवर मागून घेतली आणि मनापासून खाल्ली.)

मकरूतचं पान कसं चिरलंय ते स्वयंपाकघराचं हस्ताक्षर आहे. कोरड्या करीवर किंवा यामवर ते केसासारखं बारीक चिरून पेरलेलं असतं. जाड पट्ट्या दिसल्या तर चिरणाऱ्याला वेळ नव्हता. सूपमध्ये मात्र हेच पान, गवती चहाचे तुकडे आणि गलांगलच्या चकत्या वासापुरत्या असतात. चावायच्या नाहीत, कडेला काढून ठेवायच्या.

तोम यामचं सूप आलं की वाफेवर नाक धरा. लिंबू आच बंद केल्यावर पिळलेलं असेल तर ताजा वास येतो. उकळलेलं असेल तर वास मेलेला आणि शेवटी कडवट. सोम ताम मागवल्यावर कुटायला घेतलेलं हवं. पपईचा कीस कुरकुरीत, टोमॅटो ठेचलेला पण लगदा न झालेला, तळाशी पाण्याचं तळं साचलेलं नसावं. पाड थाईवरून मी आधुनिक रेस्टॉरंट जोखत नाही. तो रस्त्यावरच्या तापलेल्या कढईतच चांगला होतो. मागवलाच तर रंग चिंचेचा तपकिरी आहे की केचपचा लाल, एवढं बघा.

शेवटी गोडाचं प्रमाण. थाई चवीत आंबट, खारट, तिखट आणि गोड यांची ओढाताण असते. पामची साखर ही त्यातली एक बाजू. तीन पदार्थ चाखून तिन्हीत पहिली चव गोडच लागली, तर स्वयंपाकघर परदेशी जिभेला घाबरलंय. तेव्हा वेटरला सांगा की आम्हाला थाई लोक खातात तसं हवं. तिखट झेपत नसेल तर "फेत नित नॉय", म्हणजे थोडं तिखट. अजिबात नको तर "माय फेत". पण दक्षिणेचे पदार्थ सौम्य करून मागवू नका. तिखट काढलं की त्यात राहत काही नाही. त्यापेक्षा दुसरं काही निवडा.

शाकाहारी असाल तर

इथे सावध राहायला हवं. वेटर हसून "व्हेज, व्हेज" म्हणतो आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंही असतं, कारण मांसाचा तुकडा नसतो. पण नाम प्ला, म्हणजे माशाचं खारं पाणी, मिठाच्या जागी सगळीकडे असतं. करीच्या वाटणात कापि, परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस, सोम ताममध्ये सुकी कोळंबी.

दोन थाई शब्द कामाचे. "मांगसविरत" हा तर मांसविरतीच, त्यात अंडं आणि दूध चालतं. "जे" हा चिनी बौद्ध परंपरेतला शब्द. त्यात अंडं, दूधही नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो दिसतो. जैन मंडळींना "जे" बराच जवळचा, मात्र कंदमुळं वेगळी विचारावी लागतात. शिवाय थेट सांगा: "माय साय नाम प्ला", नाम प्ला घालू नका, आणि "माय साय कापि". शेवटी बाई असाल तर "खा", पुरुष असाल तर "ख्रप" जोडा, वाक्य अदबीचं होतं.

आता मोलाचा प्रश्न. करीचं वाटण आधीच कापि घालून तयार असेल तर शाकाहारी करी म्हणजे वेगळं वाटण कुटणं. हे करणारी रेस्टॉरंटं एक-दोन दिवस आधी कळवायला सांगतात. "आत्ता लगेच करून देतो" असं उत्तर आलं, तर एक तर नारळाच्या दुधात उकडलेल्या भाज्या येतील किंवा कापि तशीच असेल. आधी कळवा म्हणणाऱ्या ठिकाणी मावशीला एकदा असं जेवण मिळालं की तिनं स्वयंपाकिणीला बाहेर बोलावून तिचे हात हातात घेतले. सुरुवातीलाच "मियांग खाम" आलं होतं. हिरव्या पानात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आल्याचे आणि लिंबाचे सालीसकट बारीक तुकडे, कांदा, मिरची आणि वर गुळासारखा पाक. तिच्या पानातली सुकी कोळंबी वगळली होती, आणि पाकही कापिशिवाय केला होता. पान दुमडून अख्खं तोंडात टाकायचं. मावशी चावता चावता थांबली आणि म्हणाली, "हा तर विडाच की गं!" ते पान "छा प्लू", आणि थाईत प्लू म्हणजे विड्याचं पान. नागवेलीच्याच कुळातलं.

सेट मेनू घ्यावा का

मोठ्या नावांच्या ठिकाणी आता दहा-पंधरा छोट्या पदार्थांचा ठरलेला मेनूच असतो. किंमत बहुतेक वेळा माणशी चार-पाच हजार बाटच्या पुढे, त्यावर ती दोन चिन्हं. बऱ्याच ठिकाणी पैसे आधी भरावे लागतात आणि ऐनवेळी रद्द केलं तर परत मिळत नाहीत. सोर्नसारख्या ठिकाणी जागा मिळणंच अवघड, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याच्या सुमारास प्रयत्न सुरू करा.

माझं मत विचाराल तर पहिल्याच फेरीत सेट मेनू घेऊ नका. नेहमीचं सोम ताम, नेहमीची करी चार ठिकाणी खाऊन जिभेला मोजमाप मिळालं, की मग शेफनं त्यात काय बदललं आणि का बदललं ते कळतं. ल दूचा गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचा पदार्थ प्रसिद्ध आहे. तो "खाव क्लुक कापि" या साध्या पदार्थावर बेतलेला. साधा खाव क्लुक कापि म्हणजे कापित कालवलेला भात, भोवती कच्चा आंबा, अंड्याच्या पट्ट्या, गोडसर डुक्कर, मिरची. तो एखाद्या दुकानात आधी खाऊन जा. नंतर त्या कोळंबीची चव दुपटीनं लागेल. दुपारचा छोटा मेनू असेल तर तो अवश्य बघा, कामाचा दर्जा तोच आणि पैसे कमी.

बिल आल्यावर

समजा दोघांनी चार पदार्थ घेतले: २४०, ३२०, ४२० आणि ३८०. दोन भात १२०, दोन पाणी १२०. बेरीज १६००. सेवा शुल्क धरून १७६०, व्हॅट धरून १८८३ आणि थोडे सतांग (बाटचे सुटे पैसे). माणशी साडेनऊशे बाटच्या आसपास. रुपयांत किती होतात ते त्या दिवसाचा दर लावून बघा. सेवा शुल्क घेतलेलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. सुटे पैसे ठेवले तरी पुरे. कॉकटेल मागवलीत तर एक कॉकटेल एका पदार्थाइतकी पडते आणि हा सगळा हिशेब उलटतो, म्हणून पेयांचं बिल मनात वेगळं काढा. ते जेवणाच्या माथी मारू नका.

मग स्वतःला विचारते: हे पैसे सामानाचे, हातांचे की जागेचे? जाय फाय या बाईंचं उदाहरण घ्या. डोळ्यांवर मोठा गॉगल लावून कोळशाच्या आचेवर त्या स्वतः शिजवतात. बँकॉकच्या पहिल्या मिशेलिन मार्गदर्शिकेतच त्यांना तारा मिळाला. त्यांचं खेकड्याचं आमलेट हजार बाटच्या वर जातं आणि बसायला रस्त्याकडेचं साधं दुकान. लोक महाग म्हणतात, पण आमलेट फोडलं की आत खच्चून खेकडाच असतो. ते पैसे सामानाचे आहेत. नाम फ्रिक उलट. सामान स्वस्त, पण कुटणं, भाज्या कोरून मांडणं, मासा तळणं यात तीन माणसांचे हात गुंतलेले. ते तीनशे बाट मला कधीच जड वाटले नाहीत. आणि आमच्या त्या पहिल्या रात्रीच्या तीन करींचे पैसे जवळजवळ सगळे कमळाच्या पाकळ्यांचे होते.

जागेचे पैसे देऊच नयेत असं मी म्हणत नाही. आईवडलांना घेऊन जाताना शांत, गार, खुर्चीला पाठ असलेली जागा लागते, आणि बँकॉकच्या एप्रिलच्या उकाड्यात तिचं मोल खरंच आहे. ते पैसे आपण कशासाठी देतोय ते आधी माहीत असावं, इतकंच.

गोड, आणि परत आल्यावर

आंबा आणि चिकट भात, म्हणजे "खाव नियाव मामुआंग", हंगामातच मागवा. एप्रिल-मे हा चांगला काळ. हापूसवर वाढलेल्या माणसानं तुलना करू नये, ते आंबे वेगळे, मऊ आणि तलम. बघायचं ते वरच्या नारळाच्या दुधाकडे. त्यात मीठ हवं, जिभेला स्पष्ट जाणवेल इतकं. वर कुरकुरीत मुगाची डाळ पेरलेली असते. भात कोमट, आंबा गार. भात फ्रीजमधून काढलेला आणि दाणा कडक असेल तर परत पाठवा, संकोच नको.

इकडे आल्यावरही हेच निकष लावता येतात. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं थाई पॅव्हेलियन नव्वदच्या दशकापासून आहे, आणि मुंबई-पुण्यात आता नवी ठिकाणंही बरीच झाली आहेत. बिलाचा हिशेब मात्र वेगळा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, महागड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. सेवा शुल्क आपल्याकडे ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतं. मी बसल्या बसल्या एकच प्रश्न विचारते: "हिरव्या करीचं वाटण इथेच करता का?" गेल्या महिन्यात एका ठिकाणी वेटर आत गेला आणि शेफच बाहेर आला, हाताला गवती चहाचा वास घेऊन. म्हणाला, "आज संध्याकाळी कुटलंय, पण लाल. हिरवं उद्या." आम्ही लाल मागवली.